स्वल्प ताक

आमच्या क्रॉसच्या, म्हणजे आडव्या गल्लीच्या, टोकाला असलेल्या मैदानात बांबू येऊन पडले, की माझं कामात लक्ष लागत नाही. आज सकाळी टेम्पोतून ते उतरवताना झालेला खडखडाट दुसऱ्या मजल्यावर माझ्या टेबलापर्यंत आला आणि मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली. खिडकीशी जाऊन आले, चहा केला, तो प्यायचा राहून गेला. बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये रामनवमीच्या आगेमागे असे मांडव जागोजागी पडतात. आमचा त्यातला अगदी किरकोळ. दीडशे लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, एक शिट्ट्या मारणारा माईक आणि पुढे मुलांसाठी अंथरलेल्या चटया. तीन-चार आठवडे रोज संध्याकाळी सहा ते आठ तिथे काही ना काही चालू असतं. कधी गाणं, कधी वीणा, कधी हरिकथा, एखाद्या शनिवारी जादूचे प्रयोग. तिकीट नाही, पास नाही, चपला काढून आत यायचं आणि बसायचं. वर पानक, ताक आणि कोसंबरीही फुकट. फुकट ते पौष्टिक असं आपल्याकडे चिडवून म्हणतात, पण इथली भिजवलेली मूगडाळ, काकडी आणि खोबरं खरोखरच पौष्टिक असतं.

या मांडवाची मी दर वर्षी वाट बघायचे. यंदा मात्र मला त्याची धास्ती वाटते आहे. गेल्या उन्हाळ्यात याच मांडवात मी एका माणसाची मराठी बंद पाडली. खालच्या मजल्यावरचे माधवण्णा गेलं वर्षभर माझ्याशी मराठीत एक शब्द बोललेले नाहीत. आणि जूनमध्ये ते घर रिकामं करून लेकीकडे हैदराबादला कायमचे चालले आहेत. तेव्हा काय करायचं ते हा मांडव उठायच्या आत करायला हवं, आणि काय करायचं ते मला नीटसं कळलेलं नाही.

मी मुद्रितशोधक आहे. पुण्याचे दोन-तीन प्रकाशक मला पुस्तकांची मुद्रितं पाठवतात, मी इथे बसून ती तपासते. बारा वर्षं झाली बंगळुरूला येऊन, पण दिवसाचे आठ तास मी मराठीच्या ऱ्हस्वदीर्घातच राहते. या कामाने माणूस बिघडतो. लग्नाच्या पत्रिकेत मला आधी चुका दिसतात, मग नवरानवरी. औषधाच्या बाटलीवरचा मराठी मजकूर वाचून मी औषध घ्यायचं विसरले आहे. जित्याची खोड म्हणतात ती हीच. त्यातून मी जात्याच अस्वस्थ. एका जागी बूड टेकत नाही. गवयाचा आलाप जरा लांबला की माझा पाय हलायला लागतो, मग मी उठून ताक आणायला जाते, मग कोसंबरी, मग उगाच मागे जाऊन उभी राहते. माधवण्णा खुर्चीतून मान वळवून विचारायचे, “काय ग पुणें, बसूलालीस का पळूलालीस?”

‘पुणें’ हे त्यांनी मला ठेवलेलं नाव. अनुस्वारासकट.

माधवण्णांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. ते स्वतः बँकेतून निवृत्त झालेले. बाहेर कन्नड, कचेरीत इंग्रजी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, अशी त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. ती मराठी पुण्यात कुणी ऐकलेली नाही. ‘करतोय’च्या जागी ‘करूलालों’, ‘येतेय’च्या जागी ‘येऊलाली’. मधूनच एखादा सुटसुटीत कन्नड शब्द, ‘सरी’ म्हणजे बरं, ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, ‘सुम्ने’ म्हणजे उगाच. लिहायची ती कन्नड लिपीत. देवनागरी त्यांना स्तोत्रांच्या पुस्तकापुरती येते, तीही बोट ठेवून. त्यांची बायको गेली त्यानंतर घरातली मराठी संपली. लेक फोनवर बोलते, पण घाईत, आणि नातवंडांना तेलुगू आणि इंग्रजीच येतं. ते एकदा म्हणाले होते, “आतां मराठी बोलूला संध्याकाळ व्हावी लागते.” म्हणजे आम्ही दोघी भेटायला हव्यात.

दुसरी म्हणजे शैला. ती बेळगावची. बोम्मसंद्राला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. कंपनीची बस, मग मेट्रो, असं करत सातच्या सुमाराला डबा-पिशवीसकट थेट मांडवात येते आणि लांबूनच ओरडते, “आलो ग मी! आज काय हाय? गाणं का नाचणं?” बाईमाणसाने ‘आलो’ म्हटलेलं ऐकलं की माझी बोटं शिवशिवायची. पहिल्या वर्षी मी तिला एकदा सुधारलंही होतं. ती म्हणाली, “आमच्यात असंच म्हणतात. तुला कळालं न्हवं मी आलो ते?” विषय संपला. शैलाच्या अंगावर माझी लाल पेन्सिल चालत नाही.

अशी आम्ही तिघं. तीन मराठी, तीन खुर्च्या. समोर कुणी वीणा लावत असायचं, वरून होंगेची, म्हणजे करंजाची, बारीक फुलं लाह्यांसारखी पडत असायची, ताकाच्या कागदी पेल्यात एखादं पडायचं. त्या उकाड्यात सुंठ-गुळाचं पानक घशाखाली उतरलं की माझा पायसुद्धा थोडा वेळ थांबायचा. तेव्हा मला वाटायचं, ही मजा कुणी तरी येऊन बंद करेल, आता तिकीट लावतील. ती मीच बंद करणार आहे हे कुठे माहीत होतं!

गेल्या वर्षी मांडवाच्या कमिटीने एक संध्याकाळ शेजाऱ्यांसाठी ठेवली. ज्याला जे येतं ते त्याने दहा मिनिटं करावं, भाषा कोणतीही. कुणी तमिळ पद म्हणणार होतं, कुणी माउथऑर्गन वाजवणार होतं. माधवण्णा माझ्याकडे आले. हातात वहीचे चार कागद होते, दोन्ही बाजूंनी गोल गोल कन्नड अक्षरांनी भरलेले. त्यांच्या आईने दर उन्हाळ्यात सांगितलेली एक गोष्ट त्यांनी आठवून आठवून लिहून काढली होती. आजवर ती घराबाहेर कुणी सांगितली नव्हती.

“तूं पुस्तकं नीट करतीस नव्हे?” ते म्हणाले. “हे पण स्वल्प बघ. मोठ्या अक्षरांत छापून दे. बालबोधींत. लोकांपुढं हातीं चांगला कागद असूं दे.”

मला कन्नड अक्षर येत नव्हतं. ते वाचत गेले, मी टाइप करत गेले. गोष्ट सुंदर होती. भर उन्हाळ्यात दुपारी सूर्य एका गरीब म्हातारीच्या दारात जेवायला येतो. ती म्हणते, ये बापा, सावलीत बैस. सूर्य म्हणतो, मी बसेन तिथं सावली कशी राहील? मग ती बिचारी विचारात पडते, की पाहुण्याला तर बसवायचं आहे, पण कुठे? मी ऐकत होते, हरखून जात होते आणि माझी बोटं आपलं काम करत होती. ते म्हणाले, ‘म्हातारी अंगण सारवूलाली.’ मी टाइप केलं, ‘म्हातारी अंगण सारवत होती.’ ते म्हणाले, ‘घरांत स्वल्प ताक आहे.’ मी लिहिलं, ‘घरात थोडं ताक आहे.’ वाईट हेतू नव्हता. खरं सांगायचं तर हेतूच नव्हता. मी त्यांचा कागद चांगला करत होते. जाताना मी हातातले मूळ कागद पुढे केले तर ते म्हणाले, “असूं दे तुझ्याकडं. मला पाठ आहे.”

त्या संध्याकाळी ते पांढरं स्वच्छ धोतर आणि वर तपकिरी कोट घालून आले होते, एप्रिलमध्ये कोट. शैला अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. नाव पुकारल्यावर ते सावकाश पायऱ्या चढले, चष्मा लावला आणि माझा कागद दोन्ही हातांनी धरून वाचायला लागले. “एका दुपारी सूर्य एका म्हातारीच्या दारी आला. म्हातारी अंगण सारवत होती.” प्रत्येक शब्द बरोबर. आणि प्रत्येक शब्द असा, की जणू बँकेतला कुणाचा अर्ज वाचताहेत. तिसऱ्या ओळीला ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, अक्षर लहान झालं असेल. पाठ होती ना गोष्ट? पण छापील ओळ डोळ्यांपुढे आली की पाठ असलेलं पळून जातं, हे मला, छापील ओळींवर पोट भरणाऱ्या बाईला, तेव्हा सुचलं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि माईकवर हळूच म्हणाले, “क्षमिसि. इदु नम्म अम्मन मातल्ल.”

“काय म्हणाले?” मी शैलाला विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

“माफ करा म्हणाले. ही माझ्या आईची बोली न्हवं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथले लोक फार सभ्य, त्यांना वाटलं म्हातारा माणूस घाबरला. पुढच्या मिनिटाला माउथऑर्गन सुरू झाला. मी उठून ताक आणायला गेले आणि तिथेच मांडवाच्या मागे उभी राहिले. मला शरम वाटत होती आणि तिच्या खालोखाल, हेही कबूल करते, थोडा रागही येत होता. इतकं काय वाईट केलं होतं मी? शुद्धच तर केलं होतं.

शैला मागे आली. तिच्या हातात माझा कागद होता, तो तिने मागून घेतला होता. तिने तो मोबाइलच्या उजेडात वाचला आणि म्हणाली, “स्वल्प कुठं गेलं ग? अण्णा तर दर चार शब्दाला स्वल्प म्हणतात.”

“कन्नड शब्द आहे तो. काढला.”

“दिवसभर स्वल्पविराम घालत बसतीस, आन् स्वल्प काढलीस?”

 हजारो पानांत लाखो स्वल्पविराम या हाताने घातले असतील. त्यातला ‘स्वल्प’ मला कधी ऐकूच आला नव्हता, फक्त डोळ्यांखालून गेला होता.

दुसऱ्या दिवशी जिन्यात माधवण्णा भेटले. हात जोडून म्हणाले, “नमस्कार. ऊट आयता?” जेवण झालं का. नीट, मृदू, आदरार्थी कन्नड. मी म्हटलं, “अण्णा, माझं चुकलं.” ते हसले आणि म्हणाले, “परवागिल्ल, बिडि.” काही हरकत नाही, सोडा. ‘सोड’ नव्हे, ‘सोडा’. भांडले असते तर बरं झालं असतं. पण ‘काय ग पुणें’ जाऊन त्या जागी हा हात जोडलेला आदर आला आणि तो वर्षभर टिकला. बर्थडे केकचा तुकडा दिला तरी ‘थँक्स मा’. संध्याकाळी ते आणि शैला कट्ट्यावर मराठीत बोलत असायचे. मी जाऊन बसले की वाक्य मध्येच वळण घेऊन कन्नडमध्ये जायचं. मुद्दाम असेल असंही वाटत नाही. माझ्यासमोर त्यांच्या तोंडून ते येईनासंच झालं असावं. शैलाने एकदा गोष्ट सांगा म्हणून गळ घातली तर म्हणाले, विसरलों ग, कागद पण कुठं गेले कोण जाणे.

कागद माझ्या खणात होते. परत द्यायची लाज वाटत होती आणि ठेवून घ्यायचीही.

या वर्षभरात माझी अवस्था पायाला भिंगरी बांधल्यासारखी होती. घरात बसवेना. संध्याकाळी उगाच संपिगे रोडने चालत सुटायची, मार्केटपाशी जाऊन परत फिरायची. बारा वर्षांत ज्या पाट्यांखालून मुकाट गेले, त्या मला एकदम बोचायला लागल्या. सगळं शहर लिहिलेलं होतं आणि मला वाचता येत नव्हतं. भाषा जुजबी कळायची, अक्षर नाही. मग एक दिवस शैलाला म्हटलं, शिकव. तिने कारखान्यातल्या जुन्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ‘अ आ इ ई’ काढून दिलं. बसच्या पाट्यांवर मी जोडाक्षरं फोडायला लागले. के. आर. पुरमची बस समोरून निघून जाईपर्यंत माझं ‘कृष्णराज’च पुरं व्हायचं नाही. दुकानदार विचारायचे, काय हवं? मी म्हणायचे, काही नाही, सुम्ने, पाटी वाचते आहे. ‘प’ आणि ‘व’ यांनी तर माझा जीव खाल्ला. दोघांत एका बारीक वळणाचा फरक. दुसऱ्यांच्या वेलांट्या पकडण्यात हयात गेलेली मी, पपईवाल्याच्या पाटीवर ‘पप्पायि’चं ‘वव्वायि’ वाचून उभी राहायची.

आणि रात्री नव्हे, भर दुपारी, काम सोडून, मी ते चार कागद बाहेर काढायची. कन्नड अक्षरांतून मराठी वर येताना बघणं हा विलक्षण प्रकार आहे. एकेक अक्षर लावत जावं आणि अचानक आख्खा शब्द आपल्या घरचा निघावा. ‘सारवूलाली.’ मी ते मोठ्याने म्हणून बघितलं. तेव्हा त्यातला ‘लागली’ मला ऐकू आला. सारवू लागली. म्हातारी अंगण सारवू लागली आणि ते अजून सारवतेच आहे. ती काही चूक नव्हती. तो जुना ऐवज होता, आमच्याकडून हरवलेला आणि यांनी साडेतीनशे वर्षं सांभाळलेला.

हे लिहायला घेतलं त्याला आता आठवडा झाला. बांबू उभे राहिले, छत चढलं, मांडव सुरू झाला. तीन दिवस मी कागद पिशवीत घालून जात होते आणि तसेच परत आणत होते. शैला वैतागली. “देऊन टाक की ग एकदाचं. का अक्षता लावून देणार हाईस?”

काल हरिकथा होती. बुवा वाहतुकीत अडकले होते, माईकवाला वायरी चाचपत बसला होता. ऊन उतरायचं नाव घेत नव्हतं. माधवण्णा तिसऱ्या रांगेत एकटे बसले होते. त्यांच्या घरातलं निम्मं सामान बांधून झालंय. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. ते म्हणाले, “बन्नि, बन्नि.” या, या. मी कागद काढले. त्यांनी आपलं अक्षर ओळखलं आणि ते स्टेजकडे बघायला लागले. मला वाटलं, उठून जावं. पण पाय उठले नाहीत, जन्मात पहिल्यांदा.

मी वाचायला लागले. पहिलीतल्या मुलीसारखी, बोट ठेवून. “दो-पा-रीं सूर्य म्हा-ता-री-च्या दारीं आला. म्हातारी अंगण सार-वू-लाली.” माझ्या तोंडून ते विचित्र येत होतं. पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळून बघायला लागल्या.  “म्हातारी म्हणाली, ये बापा. घरांत स्वल्प ताक आहे, भात आहे. तिनं सूर्याला वाट मांडला.”

खुर्ची करकरली.

“वाट कसा मांडतील ग?” ते म्हणाले. “पाट. तिनं सूर्याला पाट मांडला.”

ते अजून स्टेजकडेच बघत होते. मी मान वर केली नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यात त्यांची गोल अक्षरं आणखी गोल झाली होती. शैला कधी मागे येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिने माझ्या खांद्यावर हात दाबला.

“पाट मांडला,” मी पुन्हा वाचलं.

“हां. वाच पुढं. बेगि वाच, बुवा येतील.”

पुढची ओळ मला पाठ होती. दुपारच्या उन्हात पंचवीसदा वाचलेली, काना-मात्रेसकट. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि ती मुद्दाम चुकीची वाचली.